पाचव्या मात्रेला पाय हवेत

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात एका नृत्यवर्गाला मी ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यावर साथ करतो. तेथे सोळाव्या शतकातील युरोपीय नृत्ये शिकवली जातात आणि एरवी माझ्या जोडीला एक लहान ढोल असतो. गेल्या हिवाळ्यात ऐन सादरीकरणाच्या दिवशी ढोलवादक तापाने आडवा झाला आणि आठ नर्तकांची सगळी भिस्त माझ्या तातीच्या तारांवर येऊन पडली. ल्यूटचा आवाज मुळातच नाजूक असतो. लाकडी जमिनीवर सोळा पावले पडू लागली की तो शेजारच्या खुर्चीपर्यंतही धड पोहोचत नाही.

दुपारच्या तालमीत पाव्हान ही संथ नृत्यचाल निभावली. तुआनो आर्बो याच्या १५८९ च्या नृत्यग्रंथात तिचा ढोलाचा ठेका दिलेला आहे, एक लांब आणि दोन आखूड. तो मी अंगठ्याने खर्जाच्या तारांवर धरला. घोटाळा गालियार्ड या उडीच्या नृत्याला झाला. आतेन्याँ या मुद्रकाने १५३० मध्ये पॅरिसला छापलेल्या पुस्तकातील एक गालियार्ड मी महिनाभर घोटली होती आणि तिच्यातील द्रुत स्वरांच्या लडी मोठ्या हौसेने बसवल्या होत्या. त्या लडी सुरू होताच नर्तक एकामागून एक चुकू लागले. कोणी लवकर उतरे, कोणी उशिरा.

शिक्षिकाबाईंनी स्वरांविषयी अवाक्षर काढले नाही. त्यांनी मला ल्यूट खाली ठेवून रांगेत उभे राहायला सांगितले. गालियार्डच्या सहा मात्रांत पहिल्या चार मात्रांना एकेक पाय पुढे झटकायचा, पाचवीला उडी घ्यायची आणि सहावीला जमिनीवर येऊन स्थिर व्हायचे, हे मी वाचलेले होते. पण पाचव्या मात्रेला पाय जमिनीवर नसतात याचा अर्थ पंचेचाळिशीतल्या माझ्या गुडघ्यांना त्या दिवशी कळला. लय फार जलद असेल तर उडी होतच नाही आणि फार संथ असेल तर माणूस मात्रेच्या आधीच खाली येतो, कारण हवेत थांबणे कोणाच्याच हाती नसते.

पुण्यात असताना मी कथकच्या वर्गाला हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी तीच ती धून, धरत असे. तेथे लेहरा ढळता कामा नये हाच धर्म. नर्तकी कितीही तिहाया (तीनदा येणारे बोल) घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणारच, हा भरवसा असतो. त्याच सवयीने मी येथेही डोळे मिटून लय धरून बसलो होतो.

संध्याकाळी मी खुर्ची नर्तकांच्या मधोमध मांडली, सगळ्या लडी गाळल्या आणि केवळ भरीव स्वरमेळ वाजवले. महिनाभराची मेहनत अशी टाकून देताना वाईट वाटले, हे नाकारत नाही. चौथ्या मात्रेवर गुडघे वाकताना दिसले की हात किंचित रोखायचा आणि टाचा टेकताक्षणी सहावा स्वरमेळ जोरात छेडायचा, एवढेच मी करत होतो.

पुढच्या आठवड्यात ढोलवादक परतला, तेव्हा मी सवयीने त्याच्याकडे पाहिले नाही. मी समोरचे गुडघे पाहत वाजवत होतो.