डाय बदलताना पाना कुठे असतो?

प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायचा वेळ कमी करा, असा हुकूम प्लांट हेड देतो. तो वेळ प्रत्यक्षात कमी होतो डाय बसवणारा सेटर, हेल्पर, क्रेनवाला आणि क्वालिटीचा इन्स्पेक्टर यांच्या हातून, आणि या चौघांचे साहेब बहुधा वेगवेगळे असतात. त्यामुळे हे काम शेवटी ज्याच्या हाताखाली कोणीच नाही त्याच्या गळ्यात पडतं. बहुतेकदा ट्रेनी इंजिनिअरच्या, नाहीतर एखाद्या जाणत्या ऑपरेटरच्या.

पद्धत शिगेओ शिंगो यांनी जपानमध्ये बसवलेली. प्रेस चालू असताना उरकता येईल ते आधीच उरकायचं, प्रेस थांबवूनच करावं लागेल तेवढंच मागे ठेवायचं आणि दहा मिनिटांच्या आत यायचं. कागदावर सोपं आहे. अडतं ते माणसांपाशी.

पहिला आठवडा फक्त बघा. जुन्या पार्टचा शेवटचा चांगला पीस निघाला की घड्याळ सुरू, नव्या पार्टचा पहिला पीस क्वालिटीने पास केला की बंद. वेगवेगळ्या पाळ्यांतले निदान तीन बदल टिपा. कागदावर दोनच रकाने: काय चाललंय आणि किती मिनिटं. माणसाचं नाव लिहायचं नाही. नाव आलं की तो कागद चौकशीचा होतो. मोबाइलवर चोरून शूटिंग तर अजिबात नको, तेवढ्यावर सगळं संपतं.

समजा ५५ मिनिटं भरली. क्रेनची वाट ८, पाना आणि बोल्ट शोधणं ११, डाय काढणं-चढवणं १६, शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची) जुळवून ट्रायल मारणं १२, इन्स्पेक्टर येऊन पीस पास होईपर्यंत ८. यातली २७ मिनिटं निव्वळ वाट बघण्यात आणि शोधण्यात गेली. त्यात सेटरचा हात कुठेच कमी पडलेला नाही. बोलणं इथूनच सुरू करायचं. 'तुमचं सेटिंग हळू होतं' असं सुरुवातीला निघालं, तर पुढचे सहा महिने कोणी ऐकणार नाही.

कागद आधी सेटरला दाखवा, साहेबाला नंतर. इथेच बहुतेकजण चुकतात: छान स्लाइड करून मीटिंगमध्ये मांडतात आणि सेटरला ते दुसऱ्याच्या तोंडून कळतं. त्यापेक्षा 'काका, यातलं काय चुकीचं लिहिलंय?' असं विचारलेलं बरं. ते दोन आकडे दुरुस्त करतील, आणि मग कागद त्यांचाही होईल.

पहिली सुधारणा अशी निवडा की कोणाची सही लागणार नाही. त्या प्रेससाठी एक ट्रॉली: क्लॅम्प, टी-बोल्ट, वॉशर, पाने, सगळं मोजून. बोल्ट एम१६ आणि एम२० असे मिसळलेले असतील तर २४ आणि ३० मिमीचे असे दोन पाने लागतात आणि नेमका हवा तो सापडत नाही. जिथे डायची आणि बेडची रचना परवानगी देते तिथे एकच माप ठेवायचं, पण तो निर्णय टूल रूमचा. तुम्ही फक्त मागणी लिहून द्या. क्लॅम्पिंग, सेफ्टी ब्लॉक, गार्ड, स्लिंग यांत वेळ वाचवायला स्वतःच्या डोक्याने काहीही बदलायचं नाही.

ट्रॉली आठवडाभरात रिकामी होते. शेजारच्या प्रेसवाले पाना नेतात, परत आणत नाहीत. म्हणून प्रत्येक पान्याची आकृती मागे रंगवायची आणि पाळी बदलताना मोजणी कोण करणार ते त्या-त्या पाळीच्या माणसांनाच ठरवू द्यायचं. पहिल्या पाळीत जन्मलेली कल्पना तिसऱ्या पाळीत मरते, कारण तिथल्यांना कोणी विचारलेलंच नसतं. एकदा रात्री जाऊन उभं राहावं लागतंच.

एक प्रश्न नक्की येणार: वेळ वाचला की टार्गेट वाढवणार ना? खोटं आश्वासन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. सुरुवात करायच्या आधीच साहेबाला विचारून ठेवा की वाचलेल्या वेळात लहान बॅच घेणार, की माणूस कमी करणार. उत्तर दुसरं असेल तर ट्रॉलीपाशीच थांबा.

कायझेनच्या, म्हणजे छोट्या सुधारणेच्या, फॉर्मवर सेटर आणि हेल्परची नावं आधी, तुमचं शेवटी. बक्षिसाची रक्कम किरकोळ असली तरी फॉर्म भरतानाच वाटणी लिहून टाका.