धुऱ्यावरचा मासा

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. नावात दर्या आहे, पण खरा दर्या पाहायचा तर पाचशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. खाऱ्या पाण्याची मात्र आम्हाला ददात नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत जो खारपाण पट्टा पसरला आहे, त्याच्या पोटातच आमचं घर. बोअर मारा, खारं. विहीर खोदा, खारं. प्यायला आरओचा जार विकत आणायचा, हे आता किराण्याइतकं अंगवळणी पडलं आहे.

त्यामुळे समुद्री मासे पाळायचे म्हणून मी तोच जार काचेच्या टाकीत ओतून त्यात पाकिटातलं मीठ कालवायला लागलो, तेव्हा बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही त्यांना. "मीठ काढाले पैसे देतं, अन् मंग पैसे देऊनच मीठ टाकतं. बोअरच्या पान्यानं काय घोडं मारलं होतं बे?"

मी समजावून पाहिलं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माझी टाकी १८० लिटरची, म्हणजे सहा किलोच्या वर मीठ. आणि त्या क्षारांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं असतं: सोडियम इतकं, मॅग्नेशियम इतकं, कॅल्शियम इतकं. आमच्या बोअरचा हिशेब निराळा. खारं लागलं म्हणून समुद्र होत नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि "हॉ" म्हणाले. त्यांचा हा "हॉ" म्हणजे पटलं नाही, पण कंटाळा आला.

मासे आणले अमरावतीहून. दुकानदार म्हणाला, सुरुवातीला डॅमसेल घ्या, मरत नाहीत. हे खरं होतं, फक्त अर्धं होतं. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. तो खाणारे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. ही गाडी रुळावर यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवरचं विषारी पाणी सोसेल असा मासा म्हणजे डॅमसेल. पूर्वी लोक म्हणूनच आधी हे मासे सोडत. आता जाणकार बाटलीतला अमोनिया घालून, एकही मासा न सोडता टाकी तयार करतात. मला ते उशिरा कळलं. त्या दोघांना मी महिनाभर जे पाणी पाजलं, त्याची लाज अजून वाटते.

दोघे म्हणजे एक निळी, एक काळा. निळी इतकी निळी की पोळ्याच्या बैलाच्या शिंगाला लावायच्या वार्निशाची आठवण यावी. काळा बोटाच्या पेराएवढा, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक असे तीन पांढरे ठिपके. डॉमिनो म्हणतात त्याला. दिसायला गोजिरवाणा. मोठा झाला की चौदा सेंटीमीटरपर्यंत जातो आणि ठिपके फिके पडत जातात, हे दुकानात कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात काळ्यानं डाव्या कोपऱ्यातला भोकाचा दगड धरला. दुसऱ्या आठवड्यात मधला. महिन्याभरात निळीला राहायला फिल्टरच्या नळीमागची चार बोटं जागा उरली. ती जरा बाहेर आली की हा अंगावर जायचा, शेपटीला चावून परत दगडाशी येऊन उभा राहायचा. जेवण पोटभर होतं, जागा भरपूर होती. एका सकाळी निळी टाकीमागे फरशीवर वाळलेली सापडली. जाळी घातली नव्हती मी. पळून पळून कुठे पळणार, तर वर.

बाबा तेव्हापासून टाकीपुढे बसायला लागले. पहिल्यांदाच त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटला असावा.

बाहेरच्यांसाठी सांगतो. ज्याला तिकडे बांध म्हणतात, त्याला आम्ही धुरा म्हणतो. आमच्या वावराचा दक्षिणेकडचा धुरा आजोबांच्या वेळी बैलगाडी जाईल इतका रुंद होता. आता त्यावरून चालताना एक पाय आमच्या तुरीत आणि एक शेजाऱ्याच्या कपाशीत पडतो. कोणी एकदम खात नाही. दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, इकडे सरकतं, बस. आमचं म्हणणं, त्यांनी सरकवलं. त्यांचं म्हणणं अर्थातच उलट. मोजणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा दोन्ही घरांना आपणच जिंकलो असं वाटलं.

तर बाबा टाकीपुढे बसून मला रोजचा अहवाल देत. "आज त्यानं त्या चपट्या गोट्यालोक धुरा सरकवला." काच पुसायला मी हात घातला की काळा येऊन मनगटावर धडका मारायचा. माझ्या हातापुढे त्याची लांबी किती! पण कागदपत्रं आपल्या बाजूनं असल्याचा विश्वास होता त्याच्या त्या धडकांत.

या जातीबद्दल वाचत गेलो तर आणखीच गंमत. डॅमसेलांच्या काही जाती चक्क शेती करतात. प्रवाळावर शेवाळाचा एक वाफा राखतात, नको ते शेवाळ तोंडानं उपटून बाहेर नेऊन टाकतात, म्हणजे आपलं निंदणच ते, आणि वाफ्यात कोणी तोंड घातलं की आकार न पाहता भिडतात. बेलीझच्या किनाऱ्यावर तर संशोधकांना असे डॅमसेल आढळले की जे आपल्या वाफ्यावर बारीक कोळंबीसारख्या जिवांचे थवे राखतात. इतर मासे त्यांना खायला येतात, त्यांना हा हुसकावतो, आणि त्या थव्यांच्या विष्ठेवर शेवाळ जोमानं वाढतं. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "शेनखत टाकते म्हन की." आमचा काळ्या त्यातला नाही. त्याची जात पाण्यात तरंगणारं बारीकसारीक खाऊन जगते. शेती नाही आणि धुऱ्याचं भांडण मात्र आहे, असेही लोक असतातच गावात.

मे महिन्यात वेगळंच संकट. बाहेर पंचेचाळीस, टाकीतलं पाणी तिशीच्या वर जायला लागलं. पाणी थंड करणारा चिलर परवडणारा नव्हता, म्हणून पाण्यावर टेबलफॅन लावला. पाणी दोन-तीन अंशांनी उतरलं, पण रोज तीन-चार लिटर उडायला लागलं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. मी आता हेही समजावून सांगायच्या तयारीत होतो, पण बाबांनी आधीच मान हलवली. खारपाणात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे काय सांगायचं? जमिनीतलं खारं पाणी वर चढतं, उन्हानं उडतं आणि मीठ मातीत राहतं. त्यांनी ते पन्नास वर्षं पायांखाली पाहिलं आहे.

पावसाळ्यात मी नारिंगी क्लाउनफिशची जोडी आणली. क्लाउनफिशही डॅमसेलांच्याच कुळातले, म्हणजे ही सरळसरळ भाऊबंदकीच. काळ्याला आधी बाहेर काढावं म्हणून प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून, उलटा बसवून सापळा केला, आत खाणं ठेवलं. तो चार तास बाहेरून पाहत राहिला. मी दमलो. मग शेवटचा उपाय: सगळे दगड बाहेर काढून पार नव्यानं रचायचे, म्हणजे जुन्या खुणाच राहत नाहीत, आणि नवे मासे दिवा मालवल्यावर अंधारात सोडायचे.

दगड बाबांनी रचले. काळा दोन दिवस एका कोपऱ्यात कावराबावरा उभा. मला वाईट वाटलं, बाबांना अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं उजवीकडचा गोटा धरला. पण आता जोडीनं डावीकडचा धरला होता आणि दोघांतली मोठी मादी मागे हटणारी नव्हती. मध्ये वीतभर वाळू, तिच्या अल्याड हा, पल्याड ती जोडी. रोज सकाळी थोडी धुसफुस, मग आपापल्या ठिकाणी.

दिवाळीत दक्षिणेकडच्या धुऱ्यापलीकडचे काका फराळाला आले. येणंजाणं कधी बंद नव्हतं, विषय तेवढा बंद होता. त्यांना टाकी दाखवली. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहत राहिले. काळ्या तेवढ्यात वाळू ओलांडून गेला आणि चावून परत आला.

"कोन पहिले आलतं याच्यात?" काकांनी विचारलं.

"तो काळा," मी म्हणालो.

"मंग त्याचंच हाये ना बाप्पा सारं. त्या दोघी कायले घुसल्या?"

बाबांनी चकलीचा तुकडा मोडला. "मोजनी केलती काय त्यानं?"

काका हसले नाहीत, बाबाही नाही. आईनं दोघांपुढे चहा ठेवला. दोघांनी आपापल्या खुर्च्या थोड्या पुढे ओढून घेतल्या आणि बशीत फुंकर घालत काचेत पाहत बसले.