दुपारची वीज, सातची वीज

परवा लाइटबिल आलं, दोन महिन्यांचं, आणि आई ते हातात घेऊन घरभर माझ्यामागे, एवढं काय गं जाळलं आपण? बघितलं तर दर तेच, पहिला स्लॅब युनिटला 3.05 रुपये, पण खाली ती एफपीपीपीएची ओळ असते ना तिचाच आकडा दांडगा. इंधन आणि वीजखरेदीतला फरक असं काहीतरी. 2023 मध्ये तो युनिटमागे 3.35 होता, म्हणजे भाजीपेक्षा फोडणी महाग! 2024 च्या जानेवारीत 50 पैसे उतरला, तरी तेव्हा 2.85 होताच.

समोरचे काका जीईबीतून रिटायर झालेत (जीईबी म्हणजे गुजरातचं वीज मंडळ, ते 2005 मध्ये मोडून सात कंपन्या झाल्या, पण बडोद्यात अजून सगळे जीईबीच म्हणतात). म्हटलं काका, ही वीज नक्की कुठून आणता तुम्ही लोक? झालं, चहा आला आणि दीड तास गेला.

तर अहमदाबादसारखी खासगी कंपनीची शहरं सोडली तर गुजरातची वीजखरेदी आपल्या रेसकोर्सवरच्या विद्युत भवनातून होते, हे मला इतकी वर्षं तिथून जाऊन माहीत नव्हतं. तिथून ती सुरत, राजकोट, मेहसाणा आणि आपली बडोद्याची अशा चार कंपन्यांना जाते, तीही वेगवेगळ्या भावाने, कारण मेहसाणाकडे शेतीचे पंप जास्त आणि सुरतकडे कारखाने. बरीचशी वीज पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांची. कमी पडली की एक्सचेंज.

एक्सचेंज म्हणजे बाजारच. उद्याच्या विजेचा लिलाव आज सकाळी दहा ते बारा, दिवसाचे 96 तुकडे, प्रत्येक पंधरा मिनिटांचा, प्रत्येकाचा भाव वेगळा. राज्यं सांगतात इतकी हवी, इतक्यापर्यंत देऊ, विकणारे सांगतात इतक्याला विकू, जिथे दोघांचं जुळतं तो भाव सगळ्यांना. ज्याने दोन रुपयांना विकायची तयारी दाखवली त्यालाही तोच! मला हे जरा अन्यायाचं वाटलं पण काका म्हणाले अगं म्हणूनच तर लोक खरा खर्च सांगतात, वाढवून सांगितला तर विक्रीच हुकायची.

मी म्हटलं म्हणजे सयाजीपुऱ्याचं मार्केट यार्ड. तर म्हणे नाही, तिथे कांदा न विकता गोणीत ठेवता येतो, वीज आत्ता बनली ती आत्ताच वापरायची, आणि खरेदी-विक्री कागदावर झाली तरी तारेतून किती जातेय ते गोत्रीच्या कंट्रोल सेंटरमध्ये बसलेली माणसं चोवीस तास बघतात.

आणि इथे सूर्य येतो मधे. दुपारी कच्छ-पाटणकडचं सोलर जोरात, भाव दोन-अडीच रुपयांवर उतरतो, अशा वेळी राज्य स्वतःच जास्तीची विकायला बघतं. संध्याकाळी सातला सूर्य गेला, घरोघरी एसी सुरू, आणि उन्हाळ्यात तोच भाव थेट दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. शेतकऱ्यांना रात्रीऐवजी दिवसा वीज द्यायची योजना 2020 मध्ये आली, ती मला फक्त त्यांच्या झोपेसाठी वाटायची (साप-विंचवांतून रात्री पंप सुरू करायला जायचं म्हणजे काय असतं ते काकांनी पाहिलंय), पण दुपारची स्वस्त वीज खपवायचीही ती सोय आहे.

ही दहा रुपयांची मर्यादा तरी कुठून आली? 2022 चा मार्च. कोळसा महाग, गॅस महाग, उन्हाळा लवकर, एक्सचेंजवर युनिट 20 रुपयांना! शेवटी केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिलमध्ये कमाल भाव 12 वर आणला, पुढच्या वर्षी 10. त्याच मार्चअखेर गुजरातमध्ये शेतीला वीज पुरावी म्हणून कारखान्यांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायला सांगितलं होतं. भाव बांधला म्हणून वीज वाढत नाही, काका म्हणाले, महाग पडणारा विकायलाच येत नाही मग. हे मात्र मला पटलं.

आई इतका वेळ गप्प ऐकत होती. मग विचारते, म्हणजे मी वॉशिंग मशीन दुपारी लावलं तर बिल कमी येईल?

"नाही हो वहिनी, तुमचं मीटर वेळ बघत नाही."

त्या दिवशीही मशीन सातलाच लागलं.