खलबत्ता, नोंद अकरावी: साडेपाच तास झोपलेला कर्सर

दोनेक आठवड्यांपूर्वी मंगळवारी रात्री बारा वाजून सतरा मिनिटांनी माझा कर्सर लुकलुकायचा थांबला. बाकी सगळं जिवंत होतं. की दाबली की अक्षर उमटत होतं, कमांड चालत होत्या, मेमरीचे आकडे हलत होते. फक्त तो पांढरा चौकोन डोळे वटारून बसल्यासारखा एका जागी.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: खलबत्ता म्हणजे नोकरी सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर मी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत कुटत बसलेलं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. ते चालतं जुन्या बाजारातून रविवारी उचललेल्या एका लॅपटॉपवर. त्याची एक बिजागरी तुटलेली आहे, म्हणून स्क्रीन भिंतीला टेकवून ठेवावी लागते.

त्या रात्री मी काय केलं होतं, तर घड्याळ दुरुस्त केलं होतं. या लॅपटॉपवर दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टीमही आहे, आणि ती आरटीसीमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या बॅटरीवाल्या घड्याळात, स्थानिक वेळ लिहिते. खलबत्ता तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वाचतं आणि दाखवताना वर साडेपाच तास चढवतं. त्यामुळे मध्यरात्री स्क्रीनवर पहाटेचे पावणेसहा. मी ‘वेळ मागे ३३०’ अशी कमांड लिहिली, मिनिटं वजा केली, घड्याळ बारा सतरावर आलं, आणि त्याच क्षणी कर्सर थिजला.

मला वाटलं टायमरचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला ठराविक वेळाने जाणारी हाक, मास्क झाला, म्हणजे दाबला गेला. तासभर लोकल एपिकची, म्हणजे प्रोसेसरमधल्या या हाका सांभाळणाऱ्या भागाची, रजिस्टरं तपासली. टायमर इमानेइतबारे वाजत होता. शेवटी वैतागून मशीन तसंच चालू ठेवून झोपलो.

सकाळी आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, “तुझं ते रात्री बंद पडलेलं पुन्हा लुकलुकतंय रे. बंद करायचं राहिलं का?”

“कधीपासून?”

“मी उठले तेव्हा नव्हतं. पाणी भरून आले तर चालू होतं. सहाला पाच-दहा कमी असतील.”

बारा सतरा अधिक साडेपाच तास, पाच सत्तेचाळीस. चहा तसाच ठेवून मी कोड उघडला.

कर्सरचं काम अगदी साधं आहे: ठिपका उलटा कर, मग ५०० मिलिसेकंद झोप. झोपेच्या रांगेत नोंद जाते ती ‘आत्ता अधिक ५००’ अशी. आणि हे ‘आत्ता’ मी कुठून घेत होतो, तर भिंतीवरच्या घड्याळातून. कर्सरने सांगून ठेवलं होतं, मला पाच सत्तेचाळीस आणि वर अर्धा सेकंद झाला की उठव. मी मधेच घड्याळ बारा सतरावर आणून ठेवलं. कर्नलने शब्द पाळला, बरोबर पाच सत्तेचाळीसला उठवलं.

फंक्शन लिहिताना हातात दोन घड्याळं होती. एक सुरू झाल्यापासून फक्त पुढे जाणारं, दुसरं माणसाच्या वेळेचं, जे मागेपुढे ढकलता येतं. दोन्ही एकच टाइप, म्हणजे आकड्याची एकच जात, परत करत होती: चौसष्ट बिटांचा बिनचिन्ही पूर्णांक, नॅनोसेकंदांत. कंपायलरच्या, म्हणजे कोड तपासून त्याचा चालणारा प्रोग्राम करणाऱ्याच्या, दृष्टीने ज्वारी आणि खडे एकाच मापाने मोजलेले. तो कशाला तक्रार करेल?

म्हणून गेले दोन आठवडे बाकी सगळं बाजूला ठेवून वेळेचे टाइप नव्याने घडवतोय.

पहिला निर्णय: क्षण आणि अवधी वेगळे. लग्नपत्रिकेवर ‘गोरज मुहूर्त’ छापतात तो क्षण, आणि अंतरपाट धरायच्या आधी भटजी ‘अजून अर्धी घटिका आहे’ म्हणतात तो अवधी. मुहूर्तात घटिका मिळवली तर पुढचा मुहूर्त मिळतो, एका मुहूर्तातून दुसरा वजा केला तर घटिका उरतात. पण थोरल्याच्या लग्नाचा मुहूर्त अधिक धाकटीच्या लग्नाचा मुहूर्त, हे गणित कुणी मांडलं तर त्याला पाणी प्यायला द्यावं. गंमत अशी की मुहूर्त हा शब्द स्वतःच घोटाळ्यात पाडणारा आहे. जुन्या कालगणनेत मुहूर्त म्हणजे दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटांचा अवधी. शुभ क्षणालाही मुहूर्तच. माझ्या कोडमध्ये जे झालं होतं तेच भाषेत होऊन बसलंय, पण भाषा मागचंपुढचं बघून निभावून नेते. कंपायलरला मागचंपुढचं कळत नाही.

दुसरा निर्णय जास्त कामाचा: प्रत्येक क्षणाच्या टाइपवर त्याच्या घड्याळाचं नाव. क्षण<अखंड>, क्षण<भिंत>, क्षण<बूट>. (हो, नावं देवनागरीतच आहेत. रस्ट १.५३ पासून, म्हणजे २०२१ पासून, असली नावं चालतात. फक्त शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, चालत नाही, त्यामुळे त्या अक्षराने लिहिलेला अर्धा र घेऊन नाव ठेवायला गेलात तर कंपायलर हाकलून देतो.) आत तोच चौसष्ट बिटांचा आकडा, पण खाजगी, आणि घड्याळाचं नाव फँटमडेटाने, म्हणजे रस्टमधल्या नुसत्या नावापुरत्या खुणेने, चिकटवलेलं. फँटमडेटा जागा खात नाही. आकार पूर्वीही आठ बाइट होता, आताही आठच. डिसअसेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला जाणाऱ्या सूचनांची यादी, शेजारी शेजारी ठेवून पाहिली, वजाबाकीची सूचना तीच एक.

नियम इतकेच: एकाच घड्याळाचे दोन क्षण वजा करता येतात, उत्तर अवधी. क्षणात अवधी मिळवता येतो, उत्तर त्याच घड्याळाचा क्षण. क्षण अधिक क्षण ही क्रिया लिहिलेलीच नाही. क्षण<अखंड> आणि क्षण<भिंत> यांची तुलनासुद्धा नाही. पंचांगी तारीख-वार काढणारं फंक्शन फक्त भिंतवाला क्षण घेतं, झोपेची रांग फक्त अखंडवाला. आणि नवा क्षण जन्माला घालायचा अधिकार फक्त त्या त्या घड्याळाला, बाहेरून आकडा कोंबता येत नाही.

ही कल्पना माझी नाही. सी++११ मधल्या क्रोनो या वेळेच्या लायब्ररीत टाइम पॉइंटवर घड्याळ असंच लिहिलेलं असतं, आणि लिनक्स कर्नलच्या रस्ट बाजूलाही इन्स्टंटचा, म्हणजे क्षणाचा, टाइप घड्याळाच्या स्रोताने बांधलेला आहे. तिथे अवधीला डेल्टा म्हणतात आणि तो चिन्हासहित आहे. मीही अवधी चिन्हासहितच ठेवला. रस्टच्या मूळ लायब्ररीतला ड्युरेशन ऋण होऊ शकत नाही, पण ‘ठरलेली वेळ उलटून किती झालं’ हे कर्नलला सारखं विचारावं लागतं, आणि दर वेळी आधी कोण मोठं ते तपासून वजाबाकी करायचा मला कंटाळा येतो.

चिन्हासाठी एक बिट गेला की नॅनोसेकंदांत उरतात सुमारे २९२ वर्षं. शनिवारवाड्याची वास्तुशांत जानेवारी १७३२ मध्ये झाली. त्या दिवशी कुणी खलबत्ता बूट केलं असतं, तर २०२४ च्या उन्हाळ्यात ते ओव्हरफ्लो झालं असतं, म्हणजे आकडा मावेनासा झाला असता. चालेल मला.

जुना आकडा काढून नवे टाइप घातले आणि बिल्ड केलं, तर सदतीस एरर. बहुतेक किरकोळ, हात फिरवून मिटणाऱ्या. तीन मात्र खऱ्या. पहिली अर्थात कर्सरची. दुसरी, डिस्क ड्रायव्हर ‘दोन सेकंद वाट बघ’ म्हणताना नॅनोसेकंदांच्या जागी मिलिसेकंद देत होता, म्हणजे प्रत्यक्षात दोन मायक्रोसेकंद थांबत होता. डिस्क एरवी त्याच्याही आधी तयार असायची म्हणून कळलं नव्हतं. तिसरी माझ्याच प्रोफायलरमध्ये, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या कोडमध्ये: सुरुवात टीएससीच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मोजणीयंत्राच्या, कच्च्या टिकांत, शेवट नॅनोसेकंदांत, आणि दोन्हींची वजाबाकी. महिनाभर मी या आकड्यांवरून शेड्युलर, म्हणजे कामांच्या पाळ्या लावणारा भाग, ‘सुधारत’ होतो.

त्या तिसऱ्या एररने कळलं की टिकांनाही स्वतःचा टाइप हवा. टिक<टीएससी> आणि टिक<पीएम> (पीएम हा मदरबोर्डवरचा वेगळा टायमर) यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि टिकेचा क्षण करायचं काम एकाच जागी व्हावं.

आता त्या जागेबद्दल जरा सविस्तर, कारण तिथेच मी आधी तोंडावर आपटलो होतो. सूत्र सरळ वाटतं: टिका गुणिले एक अब्ज भागिले वारंवारता. माझा प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० कोटी टिका. डीबग बिल्ड, म्हणजे चुका तपासत चालणारा, फार संथ म्हणून मी त्या तपासण्या गाळलेला रिलीज बिल्ड चालवत होतो, आणि लॉगमध्ये वेळ ७.६८६ सेकंदांवर पोचली की पुन्हा शून्यावर यायची. दर वेळी तिथेच. कॅलक्युलेटर घेऊन बसल्यावर उजेड पडला. दोनचा चौसष्टावा घात भागिले एक अब्ज म्हणजे सुमारे १८४४ कोटी टिका, आणि २.४ गिगाहर्ट्झला तेवढ्या व्हायला ७.६८६ सेकंद लागतात. गुणाकारच उतू जात होता. डीबगमध्ये पॅनिक झालं असतं, म्हणजे चूक सांगून सगळं थांबलं असतं, रिलीजमध्ये रस्ट आकडा गुपचूप शून्याकडे गुंडाळतो.

आता भागाकार नाहीच. बूट होताना एकदाच गुणक काढतो: नॅनोसेकंद प्रति टिक गुणिले दोनचा बत्तीसावा घात. २.४ गिगाहर्ट्झला तो येतो १७८९५६९७०७. मग दर वाचनाला १२८ बिटांचा गुणाकार आणि बत्तीस बिट उजवीकडे सरकवणं. एक्स८६-६४ या प्रोसेसर-घराण्यावर हा गुणाकार एका सूचनेत होतो. गुणक पूर्णांकात बसवताना जी चूक राहते ती दिवसाला जेमतेम १६ मायक्रोसेकंद. मूळ स्फटिकच दहा लाखांत वीस भाग इकडेतिकडे असला तर दिवसाला पावणेदोन सेकंद जातात, तेव्हा १६ मायक्रोसेकंदांवर झोप उडवून घेण्यात अर्थ नाही.

टीएससीची खरी वारंवारता काढायला पीआयटी हा मदरबोर्डवरचा जुना टायमर वापरतो: ५० मिलिसेकंद मोजतो, दहादा, आणि मधला आकडा घेतो. पीआयटी चालतो ११,९३,१८२ हर्ट्झवर, पीएम टायमर ३५,७९,५४५ वर. हे विचित्र आकडे १४.३१८१८ मेगाहर्ट्झला अनुक्रमे बाराने आणि चाराने भागून येतात, आणि तो मूळ आकडा अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंग-संकेताची चौपट आहे. आपल्याकडे दूरदर्शन होतं पाल या वेगळ्या रंगपद्धतीचं, पण पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेल्या कुठल्याही जुन्या मदरबोर्डात अमेरिकन टीव्ही टिकटिकतोय.

पीएम टायमर किमान चोवीस बिटांचा असतो, माझ्याकडचा तेवढाच आहे. तो ४.६९ सेकंदांत वळसा घालतो, म्हणून त्याच्या टिकांची वजाबाकी चोवीस बिटांतच कापावी लागते. ही रुंदी आता घड्याळाच्या ट्रेटमध्ये, म्हणजे प्रत्येक घड्याळाने पाळायच्या करारात, स्थिरांक म्हणून आहे, वजाबाकी ती स्वतःच लावते. तरी पाच सेकंद कुणी वाचलंच नाही तर एक अख्खा वळसा हरवतो, आणि हे कुठलाही टाइप पकडू शकत नाही. दर सेकंदाला एक वाचन सक्तीचं केलंय.

इथे लिनक्सची एक चलाखी उचलली. तिथला जिफीज हा मोजणारा आकडा शून्यापासून सुरू होत नाही, बत्तीस बिटांचा वळसा बूटनंतर पाच मिनिटांनी पडेल अशा जागेवरून सुरू होतो. एरवी हजार हर्ट्झला तो वळसा ४९.७ दिवसांनी आला असता, आणि तोवर कोण टेस्ट करत बसतो? मी माझा टीएससीचा पाया असाच वळशाच्या तीन मिनिटं आधी ठेवलाय. पहिल्याच रात्री दोन ठिकाणी पॅनिक. दोन्हीकडे वजाबाकीऐवजी थेट ‘मोठं की लहान’ अशी तुलना होती.

सिस्टीम कॉलच्या, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे काही मागण्याच्या, उंबऱ्यावर मात्र ही सगळी शिस्त कोलमडते. युझर प्रोग्राम रजिस्टरमध्ये शून्य, एक किंवा दोन ठेवतो आणि म्हणतो, हे घड्याळ दे. तो आकडा चालताना येतो, माझे टाइप कंपाइल होताना विरून गेलेले. आधी मी सगळ्या घड्याळांसाठी एक सामायिक ‘कुठलाही क्षण’ असा टाइप केला होता, आणि दोन दिवसांत तो वाळवीसारखा आत सगळीकडे पसरला. काढून टाकला. आता उंबऱ्यावरच एक मॅच, म्हणजे आकडा बघून वाट निवडणारा कोड, आहे: शून्य आलं तर भिंतवाली वाट, एक आलं तर अखंडवाली, दोन आलं तर बूटवाली, आणखी काही आलं तर एरर देऊन परत. उंबरा ओलांडला की आत कुणाच्याही हातात बिननावाचा क्षण नाही. कोड थोडा लांबला, तीन जवळपास सारख्या फांद्या आहेत, मॅक्रो करायचा, म्हणजे तो सारखा कोड एका साच्यातून काढायचा, मोह होतो. अजून आवरलाय.

आरटीसीचं काम पटकन उरकलं. वाचताना अपडेट चालू आहे का तो बिट बघायचा, दोनदा वाचून जुळतंय का पाहायचं, आकडे बीसीडीत, म्हणजे दशमानाचा एकेक अंक वेगळा लिहिलेले, असतील तर उलगडायचं. आरटीसीत यूटीसी आहे की स्थानिक वेळ हे आता बूटच्या पर्यायात सांगावं लागतं, त्यामुळे ‘वेळ मागे’ ही कमांड हद्दपार. आरटीसीचा सीआर२०३२ सेलही बदलला, जुना बहुधा मूळ मालकाच्या काळातला होता.

काल रात्री प्रोसेसरचा दुसरा कोअर, म्हणजे स्वतंत्र काम करणारा भाग, जागा केला. कर्सर पहिल्या कोअरवर, प्रोफायलर दुसऱ्यावर. दोन्हीकडे क्षण<अखंड>, कंपायलर खूश, आणि पहिल्याच मिनिटात एक अवधी आला: उणे ८८ नॅनोसेकंद. टीएससी वाचण्याआधी एलफेन्स, म्हणजे आधीच्या सूचना संपेपर्यंत थांबायला लावणारी सूचना, घातलं, तर उणे ७१. दोन कोअरच्या टीएससींमध्ये मुळातच फरक आहे, आणि मी दोघांना एकच नाव देऊन ठेवलंय. प्रत्येक कोअरला वेगळा टाइप करणं वेडेपणाचं होईल, काम मधेच एका कोअरवरून दुसऱ्यावर उडी मारतं. बहुतेक कोअर जागा होतानाच त्याचा फरक मोजून वाचनात मिसळावा लागेल. दोन कोअरनी एकमेकांना चेंडू टाकत वेळा लिहायच्या, अशा काही हजार फेऱ्या, आणि त्यातली सगळ्यात जलद फेरी धरायची. रविवारी बसतो. तोवर ऋण अवधी दिसला की खलबत्ता स्क्रीनच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका दाखवतं. आईने आज सकाळी तोही पाहिलाय.