तुइना शिकले, ट्रान्सक्रिप्टपाशी अडले : माझा अनुभव

कॅलिफोर्नियात तुइना, म्हणजे चिनी वैद्यकातील उपचारात्मक मालिश, व्यवसाय म्हणून करायची असेल तर दोन रस्ते आहेत. अॅक्युपंक्चरचा परवाना घेतला की अशी मालिश त्याच्या कक्षेतच येते. मात्र त्यासाठी किमान ३,००० तासांचे शिक्षण लागते, ज्यात ९५० तास दवाखान्यातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे असतात. दुसरा रस्ता ५०० तासांच्या मालिश-शिक्षणाचा आणि त्यानंतर कॅलिफोर्निया मसाज थेरपी कौन्सिलच्या प्रमाणपत्राचा आहे. हे प्रमाणपत्र राज्याच्या पातळीवर ऐच्छिक असले तरी अनेक शहरे त्यावाचून काम करू देत नाहीत. फ्रीमाँटमध्ये संसार सांभाळून मला दुसराच रस्ता शक्य होता, आणि सुयांपेक्षा हातांची विद्या शिकण्याचीच माझी ओढ होती.

शिक्षणाविषयी माझी काहीही तक्रार नाही. सुरुवातीला माणसाच्या अंगाला हातही लावू देत नाहीत; तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर सराव करावा लागतो. शांघायच्या दिंग जीफंग यांनी विसाव्या शतकात घडवलेली ‘गुन फा’ ही क्रिया, ज्यात हाताची मागची कड रुग्णाच्या पाठीवर लोळवत न्यायची असते, मिनिटाला १२० ते १६० आवर्तनांच्या वेगाने आणि खांदा जराही न उचलता करावी लागते. ‘यी झी चान’मध्ये तोच वेग अंगठ्याच्या टोकावर पेलायचा असतो. मनगट सैल सुटले तेव्हा मला झालेला आनंद मी विसरणार नाही. गरोदर स्त्रीच्या बाबतीत हातावरचा हेगू आणि पायावरचा सानयिनजियाओ हे बिंदू दाबायचे नाहीत, पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका आली तरी त्या पायाला हात न लावता रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवायचे, हे आमच्या शिक्षिकांनी इतक्या वेळा घोटून घेतले की आजही टेबलाजवळ उभे राहताच ते आधी आठवते.

मी अडले ते शिक्षण संपल्यावर. कौन्सिलला शाळेची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कोणता विषय किती तास शिकला याची अधिकृत नोंद, थेट शाळेकडूनच हवी असते. विद्यार्थ्याने स्वतः नेऊन दिलेली प्रत चालत नाही. शिवाय कायद्यानुसार ५०० पैकी किमान १०० तास शरीररचना व शरीरक्रिया, मालिश केव्हा टाळावी याचे ज्ञान, आरोग्य व स्वच्छता, आणि व्यवसाय व नीतिनियम या विषयांचे असावे लागतात. आमच्या शाळेत हे सर्व विषय नीट शिकवले गेले होते. परंतु शाळेच्या कचेरीने पाठवलेल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘तुइना सिद्धांत’ आणि ‘तुइना प्रात्यक्षिक’ अशा दोनच ओळी होत्या, आणि त्या शंभर तासांचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता. कागदपत्रे अपुरी असल्याचे पत्र आले ते शाळेला नव्हे, मला.

त्यातच नावाचा घोळ निघाला. आपल्याकडच्या अनेक विवाहित स्त्रियांप्रमाणे माझ्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात माझे आणि पतीचे नाव एकत्र आहे, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. शाळेच्या कचेरीने पतीच्या नावालाच आडनाव मानले आणि खरे आडनाव गाळून टाकले. ड्रायव्हिंग लायसन्स, बोटांच्या ठशांसाठीचा लाइव्ह स्कॅनचा अर्ज आणि कौन्सिलकडचा अर्ज या तिन्हींवर पूर्ण नाव होते. ट्रान्सक्रिप्टवर मात्र कोणी भलतीच बाई होती. रजिस्ट्रार आठवड्यातून थोडाच वेळ येत, फोन उचलला जात नसे, आणि ईमेलला ‘काम चालू आहे’ एवढेच उत्तर येई. त्या काळात माझा हात तयार होता, एका अॅक्युपंक्चर दवाखान्यात जागाही तयार होती, आणि मी घरी बसून होते. विद्यार्थ्याकडून पूर्ण शुल्क घेणाऱ्या संस्थेने त्याच्या शिक्षणाचा साधा पुरावा वेळेवर आणि बिनचूक देऊ नये, याचा संताप अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

शेवटी उपयोगी पडला तो एक तक्ता. शाळेच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेतून प्रत्येक विषयाचे तास काढून मी ते कौन्सिलच्या भाषेत मांडले, प्रत्येक ओळीसमोर पुस्तिकेचा पृष्ठक्रमांक लिहिला, सोबत पासपोर्ट आणि लायसन्सच्या प्रती जोडल्या, मुख्य शिक्षिकांची सही घेतली आणि रजिस्ट्रार ज्या दिवशी येत त्या दिवशी कचेरीतच बसून राहिले. त्यांना विचार करण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा दुरुस्त ट्रान्सक्रिप्ट माझ्यासमोर लिफाफ्यात बंद झाली. लिफाफा हाती न घेता, तो पाठवल्याची पावती मात्र मी मागून घेतली. पुढचे सर्व इतक्या सुरळीत झाले की सांगण्यासारखे काही नाही.

म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच शाळेकडे जुन्या ट्रान्सक्रिप्टचा, नाव झाकलेला, नमुना मागावा. तो दाखवायला जी शाळा टाळाटाळ करील, तिथे प्रवेश घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळा कौन्सिलच्या मान्य यादीत आज आहे का, हे त्याच्याही आधी पाहावे, कारण अमान्य शाळेचे तास धरले जात नाहीत. आपले नाव नेमके कसे लिहायचे, हे शाळेला पहिल्याच दिवशी लेखी कळवावे.

ठशांबद्दल सांगायचे राहिले. सतत हात धुऊन आणि सरावाने बोटांची त्वचा कोरडी पडते आणि ठसे अस्पष्ट उमटतात. लाइव्ह स्कॅनच्या आधी काही दिवस हातांना नियमित मलम लावावे. आणखी एक गोष्ट : मणक्याला झटका देऊन सांधा बसवण्याचे प्रकार तुइनाच्या परंपरेत असले, तरी मालिशच्या प्रमाणपत्रावर ते करता येत नाहीत, आणि रोगनिदानही करता येत नाही. रुग्ण, विशेषतः आपल्या ओळखीचे मराठी रुग्ण, ‘जरा कंबर मोडून द्या’ म्हणून आग्रह धरतात; त्यांना पहिल्याच भेटीत नकार द्यावा. प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा ते हाती येताच नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी आणि शहराचा व्यवसाय-परवाना त्याच आठवड्यात मागावा.