घरपट्टी माफीचा अर्ज टक्क्यांवर नाही, नावावर अडतो

लष्करातून मेडिकल बोर्डवर, म्हणजे वैद्यकीय मंडळानं अपात्र ठरवल्यानं, घरी आलेला जवान घरपट्टी माफीसाठी आधी कुठं जातो? सिव्हिल हॉस्पिटलला, अपंगत्वाच्या टक्क्यांचा दाखला काढायला. तिथं दोन-तीन खेपा होतात आणि पुढं कळतं की या कामाला तो कागद लागतच नव्हता.

महाराष्ट्रात 2020 साली बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना शहरात आणि गावात एका घराच्या मालमत्ता करातून सूट मिळाली. आधी गावपातळीवर ही सूट शौर्यपदकधारक आणि विधवांपुरती होती. आता सूट मिळते ती माजी सैनिक म्हणून, मग अपंगत्व वीस टक्के असो की ऐंशी. सात-आठ वर्षांच्या नोकरीत बोर्डआउट झालेल्याला वाटतं, आपली पेन्शनची पंधरा वर्षं कुठं भरली, आपण कसले माजी सैनिक? पण सेवेमुळं आलेल्या दुखण्यानं किंवा दुखापतीनं बाहेर पडून अपंगत्व पेन्शन मिळत असेल, तर तोही माजी सैनिकच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करून ओळखपत्र काढायचं. सिव्हिलचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायला हरकत नाही, ते दिव्यांगांच्या इतर योजनांना चालतं. पण लष्करी बोर्डाचे टक्के आणि सिव्हिलचे टक्के जुळत नाहीत म्हणून घरपट्टीचा अर्ज थांबवून ठेवायचं कारण नाही.

कागद असे लागतात: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला, डोमिसाईल, आधार, चालू वर्षाचं घरपट्टी बिल, मालमत्तेचा उतारा आणि राज्यात या एकाच घरासाठी सवलत घेत असल्याचं हमीपत्र. विधवा असतील तर पतीचा मृत्यू दाखला आणि फॅमिली पेन्शन दाखवणारा पीपीओ. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात आणि मूळ कागद नुसते दाखवून परत घ्यावेत. डिस्चार्ज बुक तर टेबलावर सोडूच नये. ते हरवलं की रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रव्यवहारात किती महिने जातील सांगता येत नाही.

आता नावाचं बघू. जुन्या डिस्चार्ज बुकात बऱ्याचदा आडनावच नसतं, शिपाई आणि बापाचं नाव एवढंच: ‘शिवाजी बाबू’. आधारवर तेच ‘शिवाजी बाबूराव जाधव’ आणि नगरपालिकेच्या उताऱ्यावर ‘जाधव एस. बी.’. माणूस एकच, कागदावर मात्र तीन. खिडकीवरचा कारकून हे मान्य करणार नाही, आणि त्याचं चुकतं असंही नाही. मुळातली दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून होते: मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगाव, बीईजीवाल्यांना (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) खडकी, तोफखान्याला नाशिक रोड. त्याला वेळ लागतो. तोवर ‘ही तिन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या दाखल्यात पूर्ण नाव, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं. विधवांची अडचण वेगळी. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लष्कराच्या सेवानोंदीच्या आदेशात, लग्नाची नोंद माहेरच्या नावानं झालेली असते आणि तेच नाव पीपीओवर उतरतं. तिथं लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडावी.

दुसरी अडचण घर कोणाच्या नावावर आहे याची. गावाकडं घर बहुधा वडिलांच्या नावावर किंवा चार भावांच्या सामाईकात असतं. नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीत, सैनिकाचं नाव नसेल तर ग्रामसेवक सूट देऊ शकत नाही. आधी वारसनोंद किंवा वाटणी, मग मासिक सभेत नोंदीचा ठराव, नमुना 8 चा नवा उतारा, आणि मग माफीचा अर्ज. हा क्रम उलटा केला की अर्ज कपाटात पडून राहतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या घरटी सैनिक असलेल्या गावात एकाच सामाईक घरात दोन भाऊ माजी सैनिक असू शकतात. तिथं घराचे भाग नोंदीत वेगळे करून घेतलेले बरे, नाहीतर सूट कुणाच्या हिश्शाला यावर वाद ठरलेला. घरापुढं दुकानाचा गाळा असेल तर त्याची आकारणी वेगळी करून घ्यावी. सूट राहत्या भागाला.

साताऱ्यात यात एक गुंता वाढला. 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर हा भाग नगरपालिकेत आला. ग्रामपंचायतीच्या दप्तरात सूट नोंदली होती म्हणून पालिकेच्या बिलात ती आपोआप येईल असं धरून चालू नका. पालिकेकडं नव्यानं अर्ज द्या, जुना नमुना 8 सोबत जोडा. सांगली, मिरज, कुपवाडला महापालिका असल्यानं अर्ज तिथल्या घरपट्टी विभागात जातो.

सूट मंजूर झाली तरी बिल शून्याचं येत नाही, आणि इथं लोक भांडायला जातात. बिल हातात घेऊन एकेक रकाना वाचावा. पाणीपट्टी आणि कचरा उचलण्याचं शुल्क हे सेवेचे पैसे, ते भरावेच लागतात. शिक्षण कर पालिका वसूल करते, पण तो राज्य शासनाचा, तेव्हा तो सुटला की नाही ते वेगळं विचारावं. कुठले रकाने वगळले हे मंजुरीच्या पत्रातच लिहून मागावं. जुनी थकबाकीही सुटीमुळं आपोआप पुसली जात नाही. पालिकेत तिच्यावर दरमहा 2 टक्के शास्ती चढत राहते. म्हणून माफीच्या आशेवर मागचं बिल तुंबवू नये.

अर्ज एप्रिलची बिलं छापायच्या आधी द्यावा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘साहेब सुट्टीवर आहेत’ हे उत्तर पोच नसलेल्यालाच जास्त ऐकावं लागतं. शहरी संस्थांत ‘करमाफी मिळणे’ ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली येते. नकार असेल तर तो कारणासह लेखी मागावा आणि त्याच कायद्याखाली अपील करावं.

सैनिकाच्या मागं सूट पत्नीला मिळते, पण तिच्या नावानं नवा अर्ज करावा लागतो. अविवाहित शहीद जवानाच्या बाबतीत आई-वडील हयात असेपर्यंत ती त्यांना. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्रानं केलं की सूट संपली. तेव्हा बक्षीसपत्राची घाई करणाऱ्या मुलाला आधी घरपट्टीचा आकडा दाखवावा.