हंगामाचा लिलाव आणि गळका पत्रा

शनिवार

यंदा आमच्या चर्चच्या मंडळीची खजिनदारी माझ्याकडे आहे, त्यामुळे उद्याच्या हंगामाच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेत माझं लक्ष संदेशाकडे कमी आणि दानाच्या पिशव्यांकडे जास्त असणार, हे आत्ताच लिहून ठेवते.

पाऊस लांबला. सोयाबीन ऐन काढणीच्या वेळी भिजलं, बाजरीची कणसं काळी पडली. वाटलं होतं, या वर्षी आभार मानायला लोक आणणार तरी काय? पण संध्याकाळपर्यंत वेदीसमोरची जागा भरली. बाजरीची पोती, भुईमुगाच्या शेंगा, केळ्यांचा घड, तांबडे भोपळे, ज्याला शेत नाही त्याच्याकडून साखरेचं पुडकं, आणि पाय बांधलेल्या गावरान कोंबड्या. कोंबड्या रात्रभर आत ठेवायच्या की बाहेर, यावर महिला मंडळात अर्धा तास चर्चा झाली. मांजराच्या भीतीने शेवटी त्यांची रवानगी पाळकीणबाईंच्या न्हाणीघरात झाली.

खरी चर्चा मात्र कमिटीत झाली आणि ती मिटलेली नाही. चर्चचा पत्रा गळतोय. व्यासपीठाच्या उजव्या हाताला पावसाळाभर बादली ठेवलेली होती. सेक्रेटरी दादांचं म्हणणं, उद्या आणलेल्या वस्तूंच्या लिलावात जे येईल ते सगळं पत्र्याला. पाळकसाहेबांचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं म्हणणं, आधी दहावा हिस्सा बाहेरच्या मिशनकामाला काढा, मग पत्रा. "आपलंच छप्पर धड नाही आणि आपण निघालो दुसरीकडे सुवार्ता पोहोचवायला!" दादा म्हणाले. खोटं नाही ते. दादांच्या बोलण्यात तिरसटपणा असतो, पण हिशोब सहसा चुकत नाही.

रविवार, रात्री उशिरा

पाय दुखताहेत. तरी आजचं आजच लिहायला हवं.

उपासना दीड तासात आटोपली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची दोन भजनं झाली, तबला आणि झांजा होत्या, पोरांनी हट्टाने कीबोर्डही घुसवला. शास्त्रपाठ बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातला, पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकापुढे जायचं तो. आशीर्वाद झाला आणि सगळे मांडवात आले. लिलावाची वेळ झाली की आमच्या मंडळीतली शांत माणसंसुद्धा बाजार समितीतल्या अडत्यांसारखी ओरडतात.

बोली पुकारायला दरवर्षी तेच एक काका असतात. एसटीत कंडक्टर होते, आवाज अजून तसाच खणखणीत. एक तांबडा भोपळा त्यांनी दोनशेला सुरू केला. पाचशेला सुटला. ज्याने घेतला त्याने तो डोक्यावर धरला, टाळ्या घेतल्या आणि पुन्हा टेबलावर ठेवला: "परत लावा." मग तो सातशेला गेला, तिथूनही परत आला. असा तो भोपळा विकला जात राहिला आणि शेवटी एका आजीकडे गेला, कारण आजी म्हणाल्या, "बास झालं, मला भाजी करायचीय." त्यांना तो शंभरात मिळाला. त्यावर कुणी बोली वाढवली नाही.

हे बाहेरून पाहणाऱ्याला गंमत वाटेल. पण पावतीपुस्तक हातात घेऊन टेबलामागे उभं राहिलं की वेगळंच दिसतं. पुण्याला नोकरी करणारी मुलं बोली चढवतात, कारण त्यांच्याकडे रोख असते. ज्यांची शेतं भिजली त्यांनी माल आणलेला असतो. ज्याच्याकडे धान्य आहे त्याचं धान्य आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा पैसा, दोन्हीची गाठ लिलावात पडते आणि कुणाला मान खाली घालावी लागत नाही. ही रीत लावणारा कुणीतरी माणसं ओळखून होता.

नंतर मोजणी. आमच्याकडे दान एकट्याने मोजायचं नाही असा नियम आहे. दोघांनी मोजायचं आणि दोघांनी सही करायची. मी आणि तरुण संघाचा एक मुलगा वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत बसलो. आता क्यूआर कोड लावल्यापासून पिशव्या हलक्या झाल्यात, पण आभारदानाची पाकिटं अजून येतात आणि मला मोजणीत तीच आवडतात. पाकिटावर लोक कारण लिहितात. "म्हैस व्याली, ५१." "मुलीची सोनोग्राफी चांगली आली." "दारू सोडून एक वर्ष, नाव वाचू नये." एका पाकिटात दहाच्या नोटा इतक्या बारीक घड्या घातलेल्या होत्या की त्या उलगडून सरळ करताना त्या मुलाची बोटं थांबली. "ह्या कुठून काढल्या असतील?" तो म्हणाला. मी सांगितलं, नऊवारीच्या ओच्यातून.

मंगळवार

काल काही लिहिलं नाही. नातवाला ताप होता.

दादांचा युक्तिवाद डोक्यातून जात नाही. त्याच्यामागे एक जुनी सवय आहे, आणि ती फक्त दादांची नाही. माझ्या लहानपणी काहीही मोडलं की मोठी माणसं म्हणायची, "मिशन बघेल." शाळेचा बाक मोडला, मिशन बघेल. विहिरीचा रहाट गेला, मिशन बघेल. तोपर्यंत अमेरिकन साहेब-मॅडम कधीच परत गेले होते, पण वाक्य मागे राहिलं होतं.

गंमत म्हणजे मिशनला ही काळजी फार आधीपासून होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, ते अमेरिकन बोर्ड या तिकडच्या मिशनरी संस्थेचे आपल्याकडचे पहिले लोक. नगरला काम सुरू झालं १८३१ मध्ये. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय.) आणि १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सेक्रेटरी रुफस अँडरसन स्वतः इकडे पाहणीला आले. त्यांचा हेका एकच: मंडळी स्थानिक हव्यात, पाळक स्थानिक हवेत आणि खर्चही मंडळीनेच उचलायला हवा. त्यांच्या भेटीनंतर मिशनच्या इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली, ते मला पटत नाही. परदेशात बसून दुसऱ्याच्या मुलांना इंग्रजी लागेल की नाही हे ठरवणं सोपं असतं. पण खर्चाबद्दल माणूस बरोबर बोलत होता. पावणेदोनशे वर्षांच्या घरात आलो आणि आमच्या कमिटीत विषय तोच.

तरीही "मिशनचा पैसा" म्हणून जो आपण तोंड वाकडं करून म्हणतो, तो आला कुठून? बॉस्टनला १८६८ मध्ये बायकांनी आपलं स्वतंत्र मिशन मंडळ काढलं आणि एकट्या बायकांना मिशनरी म्हणून पाठवायचा खर्च उचलला. त्याच्या कितीतरी आधी, १८२७ मध्ये, सिंथिया फॅरार एकट्या मुंबईला आल्या होत्या, पुढे १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला नगरला आल्या त्या या फॅरारबाईंकडेच. मागे बॉस्टनला मंडळ काढणाऱ्या बायका काही सगळ्या शेठाण्या नव्हत्या. घरखर्चातून वाचवून, चर्चमधून गोळा करून पैसे पाठवायच्या. आमच्या म्हैस व्यालेल्या पाकिटाहून ते फार वेगळं नसावं.

आणि दुष्काळ. १८९९-१९०० च्या दुष्काळावरून आमच्याबद्दल जे बोललं जातं ते मला पाठ आहे: भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. १९०० मध्ये 'किटो' नावाच्या जहाजातून अमेरिकेहून मका मुंबईला आला होता, तिकडच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने वर्गणी जमवून पाठवलेला. त्या मक्यावर कोण जगलं आणि कोण कुठल्या देवाचं झालं, याचा हिशोब मांडणाऱ्यांचं पोट भरलेलं असतं. माझी पणजी दुष्काळात मिशनच्या अनाथगृहात आली. तिने भाकरी खाल्ली हे खरंच. नंतर तीस-पस्तीस वर्षं ती बायबलबाई म्हणून गावोगाव पायी फिरली, बायकांना अक्षरं शिकवली, बाळंतपणं केली, लोकांची बोलणी खाल्ली. भाकरीचं देणं एवढं लांब फेडायला लागत नाही. मिशनच्या अहवालांत मात्र साहेबांची नावं पानोपानी असतात आणि अशा बायका बेरजेच्या आकड्यांत असतात.

गुरुवार

बँकेत जाऊन रोख भरली. येताना पाळकसाहेबांच्या घरी चहा झाला.

मी विचारलं, छप्पर गळत असताना दहावा हिस्सा बाहेर का? ते म्हणाले, मिझोराममधल्या बायकांनी १९१० पासून रोजच्या स्वयंपाकातला मूठभर तांदूळ बाजूला काढायला सुरुवात केली, आणि गरीब डोंगरी मंडळीने त्यावर आपले मिशनरी पाठवले. आधी आपलं भागवू आणि मग देऊ असं त्या म्हणाल्या असत्या तर आजतागायत एक दाणा निघाला नसता. "बाई, घेण्याची सवय देऊनच मोडते," ते म्हणाले. उपदेशकाचं बोलणं; पण मला पटलं.

मग विषय टिळकांवर गेला. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला: बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे चालणाऱ्या सगळ्यांना एकत्र आणणारा. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. पण नगरच्या माणसाने ख्रिस्त भजना-कीर्तनात आणला आणि मिशनच्या पगारापासून मोकळं होऊन पाहिलं, हे मला मोठं वाटतं. कीर्तनाची वाट त्यांच्याआधी कृष्णराव सांगळ्यांनीही चालून दाखवली होती. "मग आपणही पगार सोडायचा का?" मी पाळकसाहेबांना चिडवलं. आतून पाळकीणबाई म्हणाल्या, "आधी पोराची क्लासची फी भरा म्हणावं, मग व्हा टिळक!" टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही असलंच काहीतरी ऐकवलं असणार, अशी माझी खात्री आहे.

पाळकांच्या पगाराची रक्कम इथे लिहीत नाही. आमच्या मंडळीचा वाटा दर महिन्याला धर्मप्रांताकडे, म्हणजे बिशपांच्या कचेरीकडे जातो, तिथून पगार येतो, आणि कधीकधी उशिरा येतो. १९७० मध्ये नागपूरला सहा पंथ एक होऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा मिशनच्या हातातला कारभार आपल्या हातात आल्याचा केवढा आनंद झाला होता, हे वडील सांगायचे. कारभार आला. जमिनींचे खटलेही त्याच्याबरोबर आले. त्यावर लिहायला बसले तर रोजनिशी पुरणार नाही.

शनिवार

कमिटी झाली. मी प्रस्ताव मांडला: लिलावाचा दहावा हिस्सा मिशनकामाला, उरलेला पत्र्याला आणि पत्र्याला जे कमी पडेल त्यासाठी घरटी वर्गणी. मदत मागणारं पत्र कुठेही लिहायचं नाही, कुणा परदेशी पाहुण्याला छप्पर दाखवायला न्यायचं नाही. दादांनी हात वर केला नाही, पण विरोधातही केला नाही. "घरटी वर्गणी बाई स्वतः मागायला जाणार असतील तर," एवढंच म्हणाले. जाईन की. शिक्षिका होते, फी मागायची सवय आहे.

प्रस्ताव कसाबसा पास झाला. पत्र्याचं कोटेशन बुधवारी येणार आहे, आणि आकडा बघून दादा पुन्हा भांडतील यात मला शंका नाही. वर्गणीची यादी आज रात्रीच करायला घेते, पहिलं घर दादांचंच.